डाळिंबी खुर्ची

ऊन हा जगातला सगळ्यात सभ्य चोर. दार ठोठावत नाही, कडी वाजवत नाही, पावलाचा ठसा मागे ठेवत नाही. माघातल्या उतरत्या दुपारी कृष्णाकाठच्या उसांवरून, गुऱ्हाळांच्या गुळगंधी धुरातून ते पिवळं होत होत येतं आणि पश्चिमेच्या खिडकीतून आत उतरतं. आधी फरशीवर. मग सतरंजीवर. मग खुर्चीच्या पायाशी. सोन्याची पावलं, रेशमाचे हात. पाहणारा म्हणतो, काय सुंदर ऊन पडलंय! आणि तेवढ्यात चोरी होऊन गेलेली असते.

कुरुंदवाडच्या वेदपाठक वकिलांच्या घरात ही चोरी एकोणचाळीस वर्षं चालली.

चोरीला गेला तो एका खुर्चीचा रंग. भल्यामोठ्या हातांची, उंच पाठीची, अस्सल चामड्याची खुर्ची. जनार्दनपंत वेदपाठकांनी ती वकिलीच्या पहिल्याच वर्षी, लग्नाच्याही पहिल्याच वर्षी, बेळगावच्या एका निवृत्त मुन्सफाच्या लिलावातून आणली. तिच्यात बसून त्यांनी माणसं सोडवली, माणसं अडकवली, आणि संध्याकाळी तिच्यातच डोळे मिटून ते अभंग गुणगुणले. रोज थोडं ऊन आलं, रोज थोडा रंग गेला. शेवटी खुर्ची विझल्या चुलीतल्या राखेच्या रंगाची झाली.

पण पंतांना ते दिसलंच नाही. कारण खुर्चीतून रंग जात होता, तसा त्यांच्या डोळ्यांतून प्रकाश जात होता.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. साखर आटोक्यात येईना, म्हणून डॉक्टर हात लावीनात. जग धुरकट झालं, मग दुधट झालं, मग नुसत्या सावल्या उरल्या. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवत त्यांनी विचारलं होतं, "मंदा, हिचा रंग आहे ना गं अजून?"

मंदाकिनीबाई पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या. मान न वळवता त्या म्हणाल्या, "आहे की. डाळिंबाच्या दाण्यासारखा."

"हं," पंत म्हणाले.

त्या एका "हं"वर मंदाकिनीबाईंनी पाच वर्षं काढली. पुन्हा विचारलं की पुन्हा डाळिंब. थोरल्या दिवाळीला डाळिंब, धाकट्या दिवाळीला डाळिंब. ज्याचं सगळं जगच फिकं झालंय, त्याच्यासाठी निदान एक खुर्ची लाल असावी, एवढीच त्यांची इच्छा. खोटं बोलताना त्यांना कधी वाईट वाटलं नाही. उलट देवापुढे निरांजन लावल्यासारखं वाटे.

आणि आता साखर उतरली होती. कोल्हापुरात दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. पंत लेकीकडे होते, गुरुवारी घरी येणार होते. बघत येणार होते. पाच वर्षं सांगितलेलं डाळिंब पहिल्या नजरेत राख निघालं, तर ते उद्या कशावर विश्वास ठेवतील? मी औषध दिलं म्हटलं, त्यावर? मी जेवले म्हटलं, त्यावर?

म्हणून सोमवारी सकाळी रेवाप्पा व्हटकर आला.

मिरजेहून एसटीने आला, कॅनव्हासची पिशवी घेऊन आला. साठीतला माणूस, बोलणं थोडं, हात मोठे. पिढ्यान्‌पिढ्या कातडं कमावणाऱ्या घरातला. आपली भाषाही गमतीची, कातडं कमवावं लागतं असं ती म्हणते. जनावर मेलं की फुकट मिळालं असं म्हणत नाही. रेवाप्पाने खुर्चीच्या हातावर पाण्याचा एक थेंब सोडला आणि वाट पाहिली. थेंब हळूच आत मुरला.

"पाणी पितीया," तो म्हणाला. "अस्सल हाय, वैनी. जित्ती हाय अजून."

मंदाकिनीबाई त्याच्या हातांकडे बघत होत्या.

कारण त्या सोनाराच्या लेक. कोल्हापुरात गुजरीतल्या बाबांच्या, भिकाजीशेठ टाकांच्या, दुकानात त्यांचं बालपण गेलं, आणि हात कसे बघायचे ते त्यांना शिकवावं लागलं नाही. दागिना मोडायला टाकला की गिऱ्हाईक समोर मांडी घालून बसे. उठत नसे. फुंकणी, मूस, चिमटा, हात; हात, चिमटा, मूस, फुंकणी. सोनार खोकला तरी डोळे त्याच्या मुठीवर. बाबांची मूठ दिवसभर अशी शेकडो डोळ्यांत राही, आणि घरी आल्यावरही ती लवकर उलगडत नसे.

आता तेच डोळे लेकीच्या चेहऱ्यावर उगवले होते. त्या पाट मांडून खुर्चीसमोर बसल्या.

रेवाप्पा म्हणाला, बैठकीचं कातडं सोडवतो, घरी नेतो, आमच्या घरी सावली गार असते, रंग बसतो. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "इथेच." त्याने मान हलवली. जणू हा शब्द त्याने याआधीही पुष्कळ घरांत ऐकला होता.

कुणीतरी म्हणालं होतं ना, जयसिंगपुरात एकाने अस्सल चामडं दुरुस्तीला दिलं आणि घरी आलं ते रेक्झिन! कोण म्हणालं, कधी म्हणालं, ते मंदाकिनीबाईंना आठवेना. अशा गोष्टींना आई-बाप नसतात, फक्त पाय असतात. आणि चहा द्यायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात आपोआप मांडणीच्या खालच्या फळीकडे गेला, जिथे कान तुटलेला एक कप कामावरच्या माणसांसाठी वेगळा ठेवलेला असे. रेवाप्पाने तो कप बघितला, चहा प्यायला आणि नळाखाली स्वतःच धुऊन पालथा घातला.

सोमवारी त्याने खुर्ची धुतली. साबणाच्या फेसाने, मग स्पिरिटच्या फडक्याने. फडकी एकेक करून मळत गेली, तपकिरी होत गेली, आणि खुर्ची आणखी पांढुरकी पडली. उरलासुरला रंगही फडक्यांवर उतरला.

"अहो, हे काय? रंग काढताय की लावताय?"

"जुनं पॉलिश निगतंय, वैनी. त्ये निगाल्याबिगर नवं धरत न्हाई."

बोलायला काय, सगळे असंच बोलतात. दुपारी तो पारावर भाकरी खायला गेला. मंदाकिनीबाईंचे डोळे जडावत होते. म्हातारपणाच्या डुलकीचा काय भरवसा? पापणी लागेल, आणि तेवढ्यात कातडं बदललं तर? मग त्यांना आठवलं, बाबांची गिऱ्हाइकं काय करत. कुणी पाटलीला आतून बारीक खरवडून ठेवी, कुणी कडीच्या फासात धागा अडकवी. खूण. आपली वस्तू आपलीच आहे, हे ओळखायची खूण.

त्या देवघरात गेल्या. करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं. खुर्चीच्या बैठकीची पुढची कड खाली दुमडलेली होती. त्या दुमडीत, जिथे कुणाची नजर जाणार नाही, जिथे ऊनही कधी पोचलं नाही, तिथे त्यांनी न बघता, चाचपून, कुंकवाचं बोट टेकवलं. चांगलं दाबून टेकवलं. मग पदराला हात पुसून पाटावर येऊन बसल्या. आता बदल म्हणावं.

मंगळवारी रेवाप्पाने भेगा भरल्या. बारीक कागदाने घासलं, पुन्हा भरलं, पुन्हा घासलं. खोलीभर धूळ उडाली, उन्हात तरंगली, उन्हातच दिसेनाशी झाली. मंदाकिनीबाई समोर होत्या. तो भिंतीकडे वळला की त्या किंचित वाकत. त्याने पिशवीत हात घातला की त्यांची मान लांब होई. तो खिशातून तंबाखूची डबी काढे तेव्हाही त्यांना वाटे, डबीच कशावरून?

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात. मंदाकिनीबाईंनी कुणाचं काही चोरलं नव्हतं. पण पाच वर्षांचं एक गोड खोटं त्यांच्या पदराखाली होतं, आणि ज्याच्या पदराखाली काही असतं त्याला समोरच्याची प्रत्येक मूठ झाकलेली दिसते. त्यांना ते कळत नव्हतं. त्यांना फक्त झोप लागत नव्हती.

बुधवारी सकाळी रेवाप्पाने वाट्या मांडल्या. लाल, काळा, पिवळा, तपकिरी. "रंग कसा हुता हिचा, मूळचा?"

"डाळिंबी," मंदाकिनीबाई ताठ बसत म्हणाल्या. "अगदी पिकल्या डाळिंबासारखा. मी बघितलाय ना, ज्या दिवशी आली त्या दिवशी."

रेवाप्पाने खुर्चीभोवती एक फेरी मारली. "आसंल. पर माणसाच्या ध्यानातला रंग येगळा आन्‌ कातड्याचा येगळा. जिथं ऊन गेलं न्हाई तिथं बगू. कातडं लबाड बोलत न्हाई."

आणि तो खाली वाकला. बैठकीच्या पुढच्या कडेचे चार टाके त्याने चाकूच्या टोकाने उसवले, आणि दुमड उलगडली.

चोरापासून लपवायची जागा आणि रंग शोधायची जागा एकच असते, हे मंदाकिनीबाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

"अरं व्वा!" रेवाप्पाचा चेहरा उजळला. "वैनी, तुमचंच खरं की. लालभडक हाय बगा. डाळिंबीच..." त्याने अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला. त्याने तो उजेडात धरला, बोटांत चुरगाळला, नाकाशी नेला. मग त्याचा चेहरा हळूहळू विझला, जसा संध्याकाळी कोनाडा विझतो.

"कुंकू हाय ह्ये," तो म्हणाला.

बाहेर उसाची एक गाडी करकरत गेली. बैलांच्या घुंगरांचा आवाज दूर गेला.

रेवाप्पाने फडक्याला अंगठा पुसला. आवाज चढवला नाही, मान वर केली नाही. "खूण पुसली बगा माज्याकडनं. ध्यानात न्हाई आलं. परत लावून घ्या, वैनी. मी तवर भायेर उभारतो."

आणि तो खरंच बाहेर गेला. अंगणात, दाराकडे पाठ करून, उभा राहिला.

मंदाकिनीबाईंची नजर त्या पाठीवरच खिळली. कारण हे शब्द त्यांनी आधी ऐकले होते. त्या सात वर्षांच्या होत्या. गुजरीतल्या दुकानात एक मोठ्या घरची बाई पाटल्या आटवायला घेऊन आली होती, फासात लाल रेशमाचा धागा अडकवून. बाबांनी पाटली हातात घेतली आणि धागा निसटून राखेत पडला. बाबांनी तो चिमट्याने उचलला, फुंकून साफ केला आणि बाईच्या तळहातावर ठेवला. "वहिनी, तुमची खूण पडली. बांधून घ्या. मी पाणी पिऊन येतो." ते बाहेर गेले. पाणी प्यायले नाहीत. नुसते पाठ करून उभे राहिले. त्या दुपारी ताटावर बसले आणि ताटाला नमस्कार करून उठले. छोट्या मंदाने विचारलं, बाबा, जेवला नाहीत? ते म्हणाले, भूक नाही, पोरी. त्या मोठ्या घरच्या बाईचा मंदाने जन्मभर राग केला.

आणि आज ती बाई वेदपाठकांच्या घरात पाटावर बसली होती.

सोनारानेच कान टोचावे म्हणतात. इथे सोनाराच्याच लेकीचे कान टोचले गेले, तेही कातडं कमावणाऱ्याच्या हातून, आणि इतक्या हलक्या हाताने की रक्ताचा थेंब आला नाही. दुखलं मात्र फार. मंदाकिनीबाई रडल्या. पदर तोंडात धरून, आवाज न करता रडल्या.

मग डोळे पुसून त्यांनी त्या दुमडीकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं.

कुंकू पुसलं गेलं होतं त्याच्याखाली रंग होता. एकोणचाळीस वर्षं अंधारात राहिलेला, उन्हाच्या हाती न लागलेला, ताजा, तुकतुकीत रंग. पण तो डाळिंबी नव्हता. तो गडद होता, तांबूस-काळसर होता, खेळून खेळून गुळगुळीत झालेल्या चिंचोक्यासारखा. क्षणभर जुना संशय फणा काढून उठला: यानेच तर काही लावलं नसेल? पण नाही. तो रंग आत, खोल मुरलेला होता. कातडं लबाड बोलत नव्हतं. म्हणजे लबाड बोलत होती ती आठवण. इतकी वर्षं ज्या डाळिंबाची त्यांनी शपथ वाहिली, ते डाळिंब कधी नव्हतंच.

मग आणखी काय काय नव्हतं? मंदाकिनीबाईंना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्याच मुठीकडे बघावंसं वाटलं.

"रेवाप्पा," त्यांनी हाक मारली. "आत या."

तो आला. दुमडीकडे बघितलं, कुंकवाचं बोट दिसलं नाही. वाट्यांपाशी बसला आणि विचारलं, "मग रंग कंचा घालू? तुमचा का हिचा?"

किती साधा प्रश्न! डाळिंबी घाल म्हटलं की झालं. पाच वर्षांचं खोटं एका दुपारात खरं होईल. पंत येतील, लाल खुर्ची बघतील, आणि मंदा खरं बोलत होती असं म्हणतील. कुणाला कळणार नाही. रेवाप्पा मिरजेला निघून जाईल. आणि दुसरीकडे हा चिंचोका. तो घातला, तर उद्या दारातच सगळं उघडं पडणार. मंदाकिनीबाई बराच वेळ त्या उलगडलेल्या कडेकडे बघत राहिल्या. त्यांना भीती वाटत होती. पण त्या अंगणातल्या पाठीपुढे आता आणखी एक खोटं रचायची त्यांना लाजही वाटत होती.

"हिचा," त्या म्हणाल्या. "तुम्ही करा. मी चहा टाकते."

"बसा की समोर. मला कायबी वाटत न्हाई. लोक बसत्यात. सवय हाय."

"मला नाही बसायचं."

त्यांनी पाट उचलला, भिंतीला टेकवला, आणि खुर्चीकडे, रंगाच्या वाट्यांकडे, त्या मोठ्या हातांकडे पाठ केली. पाठ फिरवली की माणूस फसतो, असं गुजरीतली शहाणी माणसं म्हणत. बाबांना मात्र जन्मभर एकच हवं होतं, की एखाद्या तरी गिऱ्हाइकाने त्यांच्याकडे पाठ करावी. चहा त्यांनी निळ्या फुलांच्या कपांतून आणला, दोन कपांतून, आणि दोघं ओट्यावर बसून प्यायली. मांडणीच्या खालच्या फळीवरचा तो कप त्यांनी संध्याकाळी मागच्या परड्यात टाकून दिला.

मग रंग चढू लागला. स्पंजाच्या हलक्या, टिपत्या स्पर्शाने, एक पातळ हात, मग सावली. दुसरा पातळ हात, मग सावली. राखेतून माती आली, मातीतून लाकूड आलं, लाकडातून ऊब आली. पाठीवरच्या बटणांच्या खळग्यांत रंग साचला, हातांच्या गोलाईवर तो निथळला, शिवणीशिवणीत तो मुरत गेला. तिसरा हात, चौथा हात, आणि शेवटी मेणाचं फडकं. संध्याकाळी रेवाप्पाने उसवलेले चार टाके पुन्हा घातले. निघताना एकच म्हणाला, "खिडकीला कापड लावा, वैनी. खरा चोर त्यो हाय." आणि हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा हसला.

गुरुवारी तिसऱ्या प्रहरी पंत आले. काळा चष्मा, हातात काठी, पण काठी टेकवत नव्हते. बघत येत होते. फाटक बघितलं, तुळस बघितली, पायरीचा तुटका कोपरा बघितला. मंदाकिनीबाईंकडे इतका वेळ बघितलं की त्या म्हणाल्या, "पुरे, चला आत."

खोलीच्या दारात पंतांनी चष्मा काढला. खुर्चीकडे बघितलं.

"हं," ते म्हणाले. "चिंचोका."

मंदाकिनीबाईंच्या तोंडून सगळं एकदम सांडलं. "अहो, रंग उडाला होता हिचा. राख झाली होती नुसती. मी तुम्हाला डाळिंब डाळिंब म्हणत राहिले. पाच वर्षं खोटं बोलले मी तुमच्याशी. माणूस बोलावून काल हा लावून घेतला. हाच खरा होता म्हणतात."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"खोटं बोलतेयस ते." पंत खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत म्हणाले. "अगं, ही डाळिंबी कधी नव्हतीच. तू डाळिंब म्हणालीस तेव्हाच समजलो, साक्षीदार वस्तूकडे न बघता जबानी देतोय. म्हणजे रंग गेला असणार."

"मग बोलला का नाहीत?"

"एवढी प्रेमाने दिलेली साक्ष कुणी फोडतं होय?"

मंदाकिनीबाई उभ्याच राहिल्या. मग लहान मुलीसारख्या हट्टाने म्हणाल्या, "पण मला आठवतंय हो! खुर्ची ट्रकमधून उतरवली, दारात ठेवली, आणि ती लाल होती. डाळिंबी होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय."

पंत खुर्चीत बसले. पाठ टेकली. नव्या डोळ्यांनी त्यांनी बायकोकडे पाहिलं, जसं त्या पहिल्या वर्षी पाहिलं असेल.

"दारात तू उभी होतीस," ते म्हणाले. "डाळिंबी इरकल नेसून. मुन्सफाच्या घरचं ताजं पॉलिश होतं, आरशासारखं. त्याच्यात तू उमटली होतीस."

मंदाकिनीबाई नुसत्या खिडकीकडे गेल्या, कारण डोळे भरले होते आणि ते लपवायला तेवढीच जागा होती.

कापड अजून लावायचं होतं. उसांवरून, गुऱ्हाळांच्या धुरातून, पिवळं होत होत ऊन आलं. खिडकीतून आत उतरलं. सोन्याची पावलं, रेशमाचे हात. मंदाकिनीबाई खिडकीला पाठ करून, पदर दोन्ही हातांनी पसरून, उभ्या राहिल्या. ऊन त्यांच्या पाठीपर्यंत आलं, खांद्यांवर चढलं, पांढऱ्या केसांत रेंगाळलं. समोर सावली होती. सावलीत चिंचोक्याच्या रंगाची खुर्ची होती, आणि खुर्चीत बसून एक म्हातारा माणूस त्यांच्याकडे बघत होता, बघत होता, बघत होता.